व्हिएन्ना ते त्रिएस्त : एका लोहमार्गावरची शहरे

व्हिएन्नाच्या मुख्य रेल्वे स्थानकाच्या दालनात पंख असलेला एक दगडी सिंह आहे. सामान ओढत फलाटाकडे निघालेल्या गर्दीत त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पंखांचा सिंह हे संत मार्कचे, म्हणजेच व्हेनिसचे चिन्ह. ते ऑस्ट्रियाच्या राजधानीत कसे आले, याचे उत्तर याच परिसरात पूर्वी उभ्या असलेल्या ‘ज्यूडबानहोफ’ या दक्षिण स्थानकाकडे जाते. त्या स्थानकाच्या दर्शनी भागावर असे सिंह होते. तिथून निघालेला लोहमार्ग आल्प्स ओलांडून एड्रियाटिक समुद्राला भिडत असे, आणि त्या समुद्रकाठचा बराच मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातील सम्राटांच्या सत्तेखाली होता; खुद्द व्हेनिस १८६६ पर्यंत त्यांच्याकडे होते. पुढे साम्राज्य गेले, जुने स्थानक पाडले गेले, २०१४ साली नव्या स्थानकाचे उद्घाटन झाले आणि या सिंहाला त्याच्या दालनात जागा मिळाली. लोहमार्ग मात्र अजून तोच आहे.

युरोपचा प्रवास ठरवताना आपण बहुधा राजधान्यांची यादी करतो. पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, रोम अशी नावे लिहून मग ती जोडायची कशी, ते पाहतो. मी आणि ताईने या वेळी उलटे केले. आधी लोहमार्ग निवडला आणि त्यावर जी शहरे येतील ती पाहायची असे ठरवले. व्हिएन्नाहून सेमरिंगचा घाट चढून ग्राट्स, तिथून मारिबोर, ल्युब्लियाना आणि शेवटी त्रिएस्त असा हा सुमारे ५७७ किलोमीटरचा जुना ‘दक्षिण लोहमार्ग’ आहे. आज तो तीन देशांतून आणि तीन भाषांतून जातो. या प्रवासानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की युरोपातली शहरे सुटी सुटी पाहिली तर निम्मीच कळतात. एका मार्गावरची शहरे क्रमाने पाहत गेलो, की एका शहरात पडलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या शहरात मिळते.

व्हिएन्नाविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण तिथले राजवाडे आणि संगीतसभा यांवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. मात्र दोन गोष्टी पुढच्या प्रवासासाठी पाहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे कार्ल्सप्लाट्झ येथील जुन्या शहर-रेल्वेच्या स्थानकाची हिरवी-सोनेरी इमारत. ती ओटो वाग्नर या वास्तुकाराची. रेल्वे स्थानकासारखी रोजच्या वापरातली वास्तूही राजवाड्याइतक्या मनःपूर्वक बांधावी, हा त्याचा आग्रह होता. दुसरी म्हणजे स्टेफान चर्चपासून चालत गेल्यास काही मिनिटांवर असलेले ‘त्साखरलहाउस’. पॉलिश केलेल्या काळसर ग्रॅनाइटचे दर्शनी अंग असलेली ही इमारत १९०५ साली पूर्ण झाली आणि ती वाग्नरचा विद्यार्थी योझे प्लेचनिक याची आहे. हे नाव लक्षात ठेवावे. पुढे एक संपूर्ण शहर त्याच्या हातचे पाहायला मिळते.

खाण्याच्या बाबतीतही व्हिएन्ना ही सुरुवातच समजावी. तिथल्या कॉफीगृहांत कॉफी छोट्या धातूच्या तबकात, पाण्याच्या ग्लासासह येते, आणि एका कपावर कितीही वेळ बसले तरी कोणी उठवत नाही. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रे भिंतीशी टांगलेली असतात. ताई पूर्ण शाकाहारी असल्यामुळे खाण्याची काळजी तिला आमच्या घरातल्या सगळ्यांनी घालून दिली होती, पण व्हिएन्नात ती पहिल्याच दिवशी मिटली. चीज घातलेले श्पेट्झले (पिठाचे उकडलेले छोटे तुकडे), खसखशीची आणि जर्दाळूची पक्वान्ने, बटाट्याचे सॅलड आणि सफरचंदाचे श्ट्रूडेल हे सगळे तिच्या पानात बसत होते. सूप कशाच्या पाण्यात उकळले आहे एवढे मात्र विचारून घ्यावे लागते, कारण भाजीचे म्हणून लिहिलेले सूपही पुष्कळदा मांसाच्या रश्शात केलेले असते.

श्ट्रूडेलचे पीठ ताणताना मी एका बेकरीच्या काचेतून पाहिले. मोठ्या टेबलावर कापड पसरलेले होते आणि त्यावर पिठाचा गोळा लाटून ठेवला होता. एक बाई मुठी वळून, हात त्या पिठाखाली घालून, बोटांच्या मागच्या बाजूने ते चारी दिशांना ताणत टेबलाभोवती फिरत होत्या. नखे लागू नयेत म्हणून मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. हळूहळू पीठ टेबलाच्या कडांवरून खाली लोंबू लागले आणि खालच्या कापडावरची नक्षी त्यातून दिसू लागली. वर्तमानपत्र वाचता येईल इतके पातळ व्हायला हवे, असे तिथे म्हणतात. आपल्याकडे मांडे करणारी बाई हातावर मांडा फिरवून मोठा करते, त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते तीच मला इथे दिसली. पीठ ताणून झाल्यावर त्यावर लोण्यात परतलेला पावाचा चुरा, सफरचंदाच्या चकत्या, मनुका आणि दालचिनी पसरून त्यांनी कापडाची एक बाजू उचलली, आणि कापडाच्याच आधाराने पूर्ण गुंडाळी झाली. हाताने उचलली असती तर ती फाटली असती. हे श्ट्रूडेल पुढे सबंध मार्गभर आम्हाला भेटत राहिले. ल्युब्लियानात ते ‘श्ट्रुक्ली’ होऊन आले, कधी उकडलेले, आत ताजे चीज आणि टॅरागॉनची पाने भरलेले. आणि त्रिएस्तमध्ये ‘स्त्रुकोलो दे पोमि’ या स्थानिक नावाने पुन्हा सफरचंद घेऊन.

व्हिएन्नाहून निघाल्यावर तासाभरात मैदान संपते आणि ग्लोग्नित्स हे छोटे स्थानक येते. इथून पुढे म्युर्त्सत्सुश्लागपर्यंतचे ४१ किलोमीटर म्हणजे सेमरिंगचा घाटमार्ग. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम २१ किलोमीटर आहे. बाकीचे अंतर डोंगराच्या अंगाला वळसे घेण्यात जाते. या मार्गाचा इतिहास माहीत असेल तर खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक कमानीला अर्थ येतो. व्हिएन्नाकडून ग्लोग्नित्सपर्यंत रेल्वे १८४२ साली आली होती आणि पलीकडे म्युर्त्सत्सुश्लागहून ग्राट्सपर्यंत १८४४ साली. मधला डोंगर तसाच राहिला होता, म्हणून प्रवासी ग्लोग्नित्सला गाडीतून उतरत, घोडागाडीने खिंड चढत आणि पलीकडे पुन्हा रेल्वेत बसत. हा मधला तुकडा जोडण्याचे काम १८४८ साली कार्ल फोन गेगा या व्हेनिसमध्ये जन्मलेल्या अभियंत्याकडे सोपवले गेले. चाळीस फुटांत एक फूट इतका चढ चढू शकेल असे इंजिन तेव्हा हाताशी नव्हते. मार्ग आधी आखला गेला, बांधकाम सुरू झाले आणि योग्य इंजिन शोधण्यासाठी १८५१ साली याच चढावर इंजिनांची स्पर्धा घेतली गेली. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता, त्यामुळे चौदा बोगदे खोदताना खडक फोडायला साधी बंदुकीची दारू आणि माणसांचे हात एवढेच होते. सोळा मोठे दगडी पूल याच काळात उभे राहिले. काम ऐन भरात असताना सुमारे वीस हजार मजूर डोंगरात होते, आणि पटकी व विषमज्वर यांच्या साथींत त्यांतले शेकडो दगावले. १८५४ साली पहिली प्रवासी गाडी वर चढली.

मराठी माणसाला इथे आपला बोरघाट आठवणे अपरिहार्य आहे, आणि तो नुसता आठवणीचा भाग नाही. दोन्ही घाट जवळपास एकाच पिढीतले आहेत. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली सुटली, सेमरिंग १८५४ साली खुला झाला आणि कर्जत-खंडाळ्याचा चढ १८६३ साली. बोरघाटातला चढ सदतीसात एक, म्हणजे सेमरिंगपेक्षाही थोडा अवघड. सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर वर चढायचे, आणि तेही पावसाळ्याचे चार महिने ओघळ कोसळणाऱ्या कातळावरून. तिथेही हजारो मजुरांनी जीव गमावले. आमचे बालपण पुणे-मुंबई प्रवासात गेले. कर्जतला मागून बँकर इंजिन लागल्याचा धक्का बसला, की फलाटावरच्या वड्यांची पुडी सोडायची, हा आमच्या वडिलांचा नियम होता. सेमरिंगला गाडीचा वेग कमी झाला, डबा एका कुशीवर किंचित कलला आणि पुढच्या वळणावर आपलेच इंजिन दिसू लागले, तेव्हा ताई म्हणाली, ‘‘अगं, आता मंकी हिल येईल बघ.’’

मंकी हिल अर्थातच आले नाही. आली ‘काल्टे रिने’ या घळीवरची दुमजली कमानींची रांग. हा पूल १८४ मीटर लांब आणि ४६ मीटर उंच आहे, आणि तो सरळ नाही, वळणावर आहे. वळणावर असल्यामुळेच गाडीतून तो नीट दिसतो. डबा पुलावर आला की पुढचे डबे आधी कमानींच्या माथ्यावरून जाताना दिसतात, आणि त्यांच्या मागे उभा पांढरट कडा येतो. दगडाच्या सांध्यांत शेवाळ आहे, कठड्याचा दगड झिजलेला आहे, पण जड मालगाड्या आजही त्याच पुलावरून जातात. हा पूल आणि गेगा यांचे चित्र ऑस्ट्रियाने १९६७ सालच्या आपल्या वीस शिलिंगच्या नोटेवर छापले होते, आणि ज्या टेकडीवरून ते दृश्य दिसते तिला आजही त्या नोटेचेच नाव आहे. युनेस्कोने १९९८ साली या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आम्ही सेमरिंग स्थानकावर उतरून, रुळांना लागून जाणाऱ्या पायवाटेने त्या टेकडीपर्यंत चालत गेलो. वाट सोपी आहे, खुणा जागोजागी आहेत. वर उभे राहिल्यावर पाच-दहा मिनिटांत एखादी गाडी येतेच, आणि इतक्या लांबून ती आली की आधी तिचा आवाज घळीतून वर येतो.

घाटात गाड्या ताशी पन्नास-साठच्याच वेगाने जातात. म्हणून या डोंगराच्या पोटातून सुमारे २७ किलोमीटरचा नवा बोगदा काढण्याचे काम चालू आहे. तो झाला की वेगवान गाड्या खालून निघून जातील. मालवाहतुकीच्या दृष्टीने ते योग्यच आहे आणि त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचा अधिकार पर्यटकाला नाही, असे मला वाटते. ज्याला घाट पाहायचा आहे त्याने मात्र तिकीट काढतानाच गाडी कोणत्या मार्गाने जाते ते पाहून घ्यावे.

तिकिटांविषयी इथेच सांगून टाकते. ऑस्ट्रियात तिकीट आणि आसनाचे आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट असले की बहुतेक गाड्यांत चढता येते; आरक्षण हवे असल्यास थोडे जास्त पैसे भरून घ्यावे लागते आणि आसनाच्या वर ते नोंदलेले दिसते. आधी काढलेले सवलतीचे तिकीट फार स्वस्त पडते, पण ते त्याच गाडीला चालते. मधल्या स्थानकावर उतरून, चालून, पुढची गाडी पकडायची असेल तर पूर्ण दराचे तिकीट किंवा अनेक देशांत चालणारा युरेलचा रेल्वे पास बरा. आम्ही पास घेतला आणि त्यामुळेच सेमरिंगला मनाप्रमाणे उतरता आले. व्हिएन्नाहून ल्युब्लियानामार्गे थेट त्रिएस्तला जाणारी गाडीही आहे. तिला साधारण नऊ तास लागतात. एका दिवसात सबंध मार्ग खिडकीतून पाहायचा असेल तर तीही वाईट नाही, पण मग शहरे राहतात.

ग्राट्समध्ये शहराच्या मधोमध श्लोसबेर्ग नावाची टेकडी आहे. १८०९ साली नेपोलियनच्या फौजेने तिच्यावरचा किल्ला पाडायला घेतला, तेव्हा ग्राट्सकरांनी वर्गणी काढून, खंडणी भरून, त्यातला घड्याळाचा मनोरा आणि घंटेचा मनोरा वाचवला. या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा काटा मिनिटे. पूर्वी त्याला लांबून दिसावा म्हणून एकच, तासाचा लांब काटा होता. मिनिटकाटा नंतर बसवला, तो आखूड बसवावा लागला. खाली बाजारात मुख्य आकर्षण म्हणजे भोपळ्याच्या बियांचे तेल. ते इतके गडद हिरवे असते की बाटलीत काळेच दिसते. पांढऱ्या बशीत ओतल्यावर कडेला हिरवे दिसू लागते. लिटरभर तेलाला अडीच-तीन किलो बिया लागतात आणि त्या आधी भाजून घेतात, म्हणून त्याला खमंग वास असतो. मोठ्या टपोऱ्या घेवड्याच्या दाण्यांवर कांदा, व्हिनेगर आणि हे तेल घातलेले सॅलड हे ताईचे त्या प्रवासातले सर्वांत आवडते जेवण ठरले. तिथे हे तेल व्हॅनिला आइस्क्रीमवरही घालतात. मला ते मनापासून आवडले, ताईला नाही.

पुढे सरहद्द येते. जर्मन पाट्या संपतात, स्लोव्हेनियन पाट्या सुरू होतात, एवढाच फरक डब्यात बसलेल्या माणसाला कळतो. मारिबोरला आम्ही द्राव्हा नदीकाठची ती प्रसिद्ध द्राक्षवेल पाहण्यापुरते थांबलो. एका जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर पसरलेली ही वेल चारशे वर्षांहून जुनी आहे आणि तिला अजून द्राक्षे लागतात. नाशिक-सांगलीकडच्या माणसाने ती पाहायलाच हवी. तिथून ल्युब्लियानाकडे जाणारा रूळ पुढे सावा नदीच्या अरुंद खोऱ्यात शिरतो. झिदानी मोस्तला दोन नद्यांचा संगम आहे, आणि त्र्बोव्ल्येजवळ ३६० मीटर उंचीची चिमणी दिसते. युरोपातली ती सर्वांत उंच चिमणी मानली जाते. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख पर्यटनाच्या पुस्तकात नसतो, पण ज्या कोळशावर इथली आगगाडी आणि कारखाने चालले तो इथूनच निघाला, हे रेल्वेने गेल्यामुळेच लक्षात येते.

ल्युब्लियानात रेल्वे १८४९ साली पोचली. १८९५ साली मोठा भूकंप झाला आणि शहराचा बराच भाग पुन्हा बांधावा लागला. नवी आखणी करणाऱ्यांत मॅक्स फाबियानी होता. त्रिएस्तमागच्या कार्स्ट पठारावर जन्मलेला हा वास्तुकार व्हिएन्नात वाग्नरच्या कार्यालयात काम करत होता. पुढे १९२१ साली प्लेचनिक शिकवण्यासाठी आपल्या जन्मगावी परतला आणि १९५७ साली मृत्यू होईपर्यंत शहर घडवत राहिला. व्हिएन्नात ज्याची एक इमारत पाहिली, त्याचे इथे पूल, बाजार, ग्रंथालय, नदीचे घाट, स्मशानभूमी आणि दिव्यांचे खांबसुद्धा आहेत. २०२१ साली युनेस्कोने त्याच्या या कामाला वारसा यादीत घेतले.

त्याचा तिहेरी पूल अनेकांनी छायाचित्रांत पाहिलेला असतो. १८४२ सालचा दगडी पूल वाहनांना अपुरा पडू लागला तेव्हा तो पाडून मोठा बांधण्याऐवजी प्लेचनिकने त्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक तिरका पूल जोडला. आज मधल्या पुलावरही वाहने नाहीत. पण मला त्याहून मोलाचा वाटला तो नदीकाठचा बाजार. युद्धाच्या काळात, १९४० ते १९४४ मध्ये, त्याने भाजीपाल्याच्या आणि मासळीच्या विक्रीसाठी नदीला समांतर अशी स्तंभांची लांब ओळ उभी केली. नदीच्या अंगाने पाहिले तर ती एखाद्या प्राचीन नगरीची तटबंदी वाटते, आणि आत शिरले की चीज, लोणची, सुकामेवा आणि वाळवलेल्या वनस्पती यांची छोटी दुकाने. खांबांची सावली दुकानाच्या ओट्यावर पडावी आणि माल तापू नये, इतका विचार त्यात आहे. शेजारच्या उघड्या चौकात शेतकरी बायका भाजी घेऊन बसतात. आम्ही एका आजींकडून चेरी घेतल्या. त्यांनी वजन झाल्यावर ओंजळभर आणखी घातल्या आणि ताईने सवयीने ‘राहू द्या, राहू द्या’ म्हटले. ते मराठीतच म्हटले, आणि त्यांनी हाताने ‘घ्या हो’ अशी खूण केली. त्याच बाजारात नाण्यांवर ताजे दूध देणारे यंत्रही आहे. हवामान चांगले असण्याच्या महिन्यांत शुक्रवारी इथे शहरातली आणि गावोगावची मंडळी उघड्यावर चुली मांडून स्वयंपाक करतात. श्ट्रुक्ली आम्ही तिथेच खाल्ली, अक्रोडाची आणि टॅरागॉनची. अक्रोडाचे सारण भरून गुंडाळलेली ‘पोतित्सा’ ही इथली सणाची गोड पावरोटी; तीही घेऊन ठेवली, कारण पुढच्या शहरात ती ‘पुतित्सा’ म्हणून मिळते असे ऐकले होते आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून खायच्या होत्या.

ल्युब्लियानानंतर रूळ पुन्हा चढू लागतो. बोरोव्नित्सा येथे पूर्वी या मार्गावरचा सर्वांत भव्य पूल होता, ५६१ मीटर लांबीचा. दुसऱ्या महायुद्धात तो नष्ट झाला, मार्ग वळवला गेला, आणि आज त्याचा फक्त एक खांब गावात उभा आहे. पोस्तोयना ओलांडल्यावर कार्स्टचे पठार लागते. चुनखडीची ही जमीन पाणी धरून ठेवत नाही. नद्या मध्येच जमिनीत शिरतात आणि कित्येक किलोमीटर पुढे बाहेर पडतात. वाफेच्या इंजिनांना पाणी कुठून द्यायचे, हा इथला मोठा प्रश्न होता, आणि त्रिएस्तपर्यंत रूळ पोचायला १८५७ साल उजाडले त्यामागे हे पठारही आहे. इटलीच्या हद्दीवर पोलीस डब्यात आले आणि पासपोर्ट पाहून गेले. २०२३ पासून इटलीने ही तपासणी पुन्हा सुरू केली आहे, त्यामुळे पासपोर्ट हाताशी असू द्यावा. मग गाडी पठाराच्या कडेवरून उतरू लागते. इतका वेळ झाडे आणि दगड दाखवणाऱ्या खिडकीत एकदम समुद्र येतो, आणि तो खाली, फार खाली असतो. दिवसभर डोंगरातून आल्यावर त्या निळ्या रंगाने डब्यातली सगळी माणसे उठून एका बाजूच्या खिडक्यांशी जमली. त्यांत रोज जाणारेही असावेत.

त्रिएस्त हे या लोहमार्गाचे कारण आहे. १७१९ साली सम्राट सहाव्या चार्ल्सने त्याला मुक्त बंदर जाहीर केले आणि साम्राज्याच्या व्यापाराला या शहराने समुद्र दिला. ग्रीक, सर्ब, ज्यू, स्लोव्हेन, जर्मन आणि इटालियन व्यापारी इथे स्थायिक झाले. एका छोट्या कालव्याच्या काठाने चालताना सर्ब ऑर्थोडॉक्स चर्चचे निळे घुमट आणि कॅथलिक चर्चचे स्तंभ एकमेकांच्या शेजारी दिसतात. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला तेव्हा इथल्या ऑस्ट्रियन लॉइड कंपनीची जहाजे मुंबईपर्यंत जाऊ लागली. दख्खनचा कापूस बोरघाट उतरून मुंबईच्या गोदीत येई, आणि त्यातल्या काही गासड्या याच बंदरात उतरून याच रुळांवरून ऑस्ट्रियाच्या गिरण्यांकडे जात. सेमरिंग आणि खंडाळा या दोन घाटांचा संबंध केवळ माझ्या डोक्यातला नव्हता, हे मला बंदराच्या जुन्या गोदामांसमोर उभी राहिले तेव्हा जाणवले, आणि त्या दिवशी मला फार आनंद झाला.

या शहराला दुःखाचा इतिहासही आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. फाबियानीने १९०४ साली इथल्या स्लोव्हेन समाजासाठी ‘नारोदनि दोम’ ही देखणी इमारत बांधली. तिच्यात नाट्यगृह, बँक, हॉटेल असे सगळे होते. पहिल्या महायुद्धानंतर त्रिएस्त इटलीकडे गेले आणि १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी ती जाळली. बरोबर शंभर वर्षांनी, २०२० साली, त्याच तारखेला दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत ती स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ते १९५४ हे शहर कोणत्याच देशाचे नव्हते. शहराच्या कडेला असलेली ‘रिझिएरा दि सान साब्बा’ ही भाताची गिरणी नाझींनी छळछावणी केली होती. तिथे आता स्मारक आहे. आम्ही तिथे गेलो आणि परत येताना दोघी बराच वेळ बोललो नाही.

जेवायला इथे ‘बुफे’ म्हणतात अशी छोटी खाणावळ असते, आणि तिथे व्हिएन्नाचेच पदार्थ इटालियन गडबडीत मिळतात: उकडलेले मांस, आंबवलेला कोबी, किसलेले हॉर्सरॅडिश. ‘योता’ हे घेवड्याचे दाणे, बटाटा आणि आंबवलेला कोबी घातलेले दाट सूप ल्युब्लियानातही होते आणि इथेही. त्यात बहुधा डुकराचे मांस असते. ताईसाठी आम्ही ते न घातलेले कुठे मिळते ते विचारत फिरलो आणि तिसऱ्या खाणावळीत मिळाले. कॉफी तर या बंदराचा प्राणच आहे. दाणे इथे उतरत, व्हिएन्नाची कॉफीगृहे त्यावर चालत. १९१४ साली उघडलेल्या काफे सान मार्कोमध्ये तपकिरी भिंती, संगमरवरी टेबले आणि आत पुस्तकांचे दुकानही आहे. तिथे बसले की व्हिएन्नाची आठवण येते. काउंटरपाशी उभे राहिले की मात्र इटली सुरू होते: छोट्या काचेच्या ग्लासात दुधाचा फेस घातलेली कॉफी मागायची तर ‘कापो इन बी’ म्हणायचे, दोन घोटांत ती संपवायची आणि पुढच्याला जागा द्यायची. पोतित्सा आणि पुतित्सा आम्ही खोलीवर कापून पाहिल्या. त्रिएस्तची पुतित्सा जास्त ओलसर, तिच्या सारणात मनुका आणि मद्याचा वास. ल्युब्लियानाची कमी गोड आणि अक्रोडाला जास्त जागा देणारी. मला दुसरी आवडली.

हा मार्ग कोणी करायचा ठरवला तर उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा, म्हणजे समुद्र शेवटी येतो. सेमरिंगसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा आणि ल्युब्लियानात शुक्रवार पडेल असे बघावे. त्रिएस्तला हिवाळ्यात ‘बोरा’ नावाचा वारा पठारावरून इतक्या जोराने खाली येतो की माणसांना आधार धरून चालावे लागते. आपल्याकडच्या प्रवाशाला मे-जून किंवा सप्टेंबर बरा. आणि त्रिएस्तहून व्हेनिसला गाडीने साधारण दोन तासच लागतात, त्यामुळे व्हिएन्नाच्या स्थानकातल्या त्या सिंहाचे मूळ गाव पाहायचे असल्यास त्याच पासवर पुढे जाता येते. आम्ही गेलो नाही. त्रिएस्तलाच आणखी राहिलो, कारण कार्स्टवरच्या गावांत बसने फिरायचे अजून बाकी होते.